बुचाचा क्लच

म्हसळ्याच्या मोटार स्टँडामागे माझं गॅरेज होतं. कुणी फटफटी घेऊन आलं, की गाडीकडे बघायच्या आधी मी विचारायचो, "दणका कुठे बसतो?" मला गाडीतली जागा हवी असायची. लोक मात्र स्वतःची कंबर दाखवायचे. कुणी मानेवर हात ठेवायचा. सुपारीचा एक व्यापारी तर तोंड उघडून जीभ दाखवू लागला. गाडी निघताना ती दातांखाली आली होती. पुढे पुढे मला त्यावरूनही रोग कळायला लागला. कंबर दुखत असली तर क्लच, मान दुखत असली तर ब्रेक, आणि जीभ चावली गेली असली तर दोन्ही.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी 'तुमच्या धंद्याबद्दल लिहा' असा निरोप आला तेव्हा मी आधी माझी सगळी हकिगत मांडून बघितली. भातशेती, लढाईच्या काळात मुंबईला लष्करी वर्कशॉपात हेल्परकी, स्वराज्य आल्यावर वर्कशॉप बंद, परत गाव, पत्र्याची शेड. पानाच्या अर्ध्यातच संपली. म्हणून तिचा नाद सोडला आणि एकाच क्लचबद्दल लिहायचं ठरवलं. तो मी बाटल्यांच्या बुचांचा केला होता आणि त्याच्यापायी माझ्यावर दारू गाळण्याचा संशय आला होता.

ज्यांनी कधी गाडी उघडून बघितली नाही त्यांच्यासाठी आधी क्लच सांगतो. इंजिन सुरू झालं की ते फिरत राहतं. चाक मात्र उभं असतं. फिरणारं आणि उभं एकदम जोडलं तर गाडी उडी मारते नाहीतर बंद पडते. म्हणून मध्ये एका डब्यात पातळ गोल तबकड्या रचलेल्या असतात, एक इंजिनाकडची, एक चाकाकडची, अशा आळीपाळीने. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. हँडलवरची दांडी ओढली की तबकड्या सैल होतात, सोडली की एकमेकींना धरतात. धरायच्या आधी त्यांनी थोडं घसरलं पाहिजे. घसरत घसरत धरलं की बसणाऱ्याला गाडी कधी हलली ते कळत नाही. जुन्या इंग्रजी गाड्यांत या तबकड्यांना भोकं पाडून त्यात बूच बसवलेलं असायचं. बाटलीला लावतात तेच बूच. ते तेलात भिजून राहतं आणि मऊ पकडतं.

आता इब्राहिम तांडेल. म्हसळ्याजवळच खाडीच्या काठी त्याचं गाव. सगळं आयुष्य बोटीवर काढून, खलाशांवरचा तांडेल होऊन तो घरी आला तेव्हा त्याने मुंबईच्या लष्करी भंगारातून एक फटफटी आणली, बाजूला एकचाकी डबा जोडलेली. डब्यात एक माणूस बसायचा. मचव्यावर घालून ती खाडीतून वर आणली आणि धक्क्यावर उतरवली तेव्हा अर्धा गाव बघायला होता. तांडेलने लाथ मारून ती सुरू केली, दांडी सोडली, आणि गाडी धक्क्यावरून थेट मासळीच्या टोपल्यांत गेली. त्या दिवसापासून तो बाजारात शिरला की कोळणी न सांगता टोपल्या मागे ओढायच्या.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"दणका कुठं बसतो काय विचारतोस," तांडेल म्हणाला. "ही सुटते ती गोळीसारकी. मी मागं ऱ्हातंय."

"मागे कसे राहता? तुम्हीच तर चालवता."

"आंग फुडं जाते रं. जीव मागं ऱ्हातो."

मी म्हटलं, हळूहळू सवय होईल. त्याने मान हलवली. स्वतःसाठी नव्हतंच त्याचं. घरात त्याची थोरली बहीण होती, हलीमा आपा. आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्याला वाढवलं होतं आणि विधवा झाल्यावर ती त्याच्याकडेच येऊन राहिली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. थंडीच्या दिवसांत श्रीवर्धनला मुंबईहून डोळ्यांचे डॉक्टर यायचे आणि शाळेच्या इमारतीत ऑपरेशनं करायचे. त्या काळी मोतीबिंदू काढला की माणसाला दोन्ही बाजूंनी उशा लावून निजवून ठेवत. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. घरी सोडतानाही डॉक्टर एकच गोष्ट बजावायचे, डोक्याला हिसका बसू द्यायचा नाही. हिसका बसला तर डोळा गेला.

श्रीवर्धन ते म्हसळा तेव्हा तांबडा खडीचा रस्ता आणि मध्ये डोंगराचा चढ. बैलगाडीत बसलं तर हिसक्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. मोटारीत मागचं बाक मिळालं की माणूस टपाला लागून खाली यायचा. राहिली डोली. तांडेलने ती सुचवून बघितली होती.

"खांद्यावरनं मी एकदाच जानार," आपा म्हणाली. "त्येची घाई न्हाय."

मग तांडेलने गाडीचा डबा सुचवला. आपाने विचार केला आणि अट घातली. ती डब्यात बसणार, मांडीवर दुधाचं पातेलं घेणार. गाडी सुटताना दूध सांडलं नाही तर ऑपरेशन. सांडलं तर आहे ते बरं आहे.

पहिली परीक्षा माझ्या शेडसमोरच झाली. तांडेलने आपाला हात धरून डब्यात बसवलं, पातेलं मांडीवर दिलं, दांडी सोडली. पातेलं जागेवर राहिलं, पण दूध नाही. आपाच्या ओढणीवरून, तांडेलच्या पाठीवरून आणि थोडं माझ्याही तोंडावरून ते खाली आलं. आपाने ओढणीचं टोक पिळलं.

"डोळं गेलं तं गेलं," ती म्हणाली. "मान ऱ्हाऊ दे."

तांडेलने गाडी माझ्याकडे ठेवली आणि जाताना म्हणाला, "मिस्त्री, डाक्टर म्हयनाभर हाय. तवर कर काय ता."

मी क्लचचा डबा उघडला. बुचं जळून भाजक्या सुपारीसारखी झाली होती. तबकड्यांचे दात ज्या खाचांत बसतात त्या खाचा झिजून त्यांना पायऱ्या पडल्या होत्या, त्यामुळे तबकड्या सरकायच्याऐवजी अडकून अडकून उड्या मारत. दणका मऊ करायला मधोमध रबराचे ठोकळे असतात, त्यांची वितळून काकवी झाली होती. आणि स्प्रिंगांतली एक तर गाडीची नव्हतीच. लष्करातल्या कुणा हुशार माणसाने ती कुठल्यातरी तराजूतून काढलेली असावी. ती बाकीच्यांच्या दुप्पट कडक होती, म्हणून सगळा दाब एका बाजूला पडत होता.

खाचा मी कानशीने घासून सरळ केल्या. लॉरीच्या फाटक्या टायरमधून रबराचे ठोकळे कापून बसवले. स्प्रिंगांखाली पातळ चकत्या घालून सगळ्यांचा दाब सारखा केला. इथवर काम सरळ होतं. अडलं ते बुचापाशी. मुंबईला जाऊन दोन दुकानं हिंडलो. एका दुकानदाराने जळकं बूच हातात घेऊन वास घेतला आणि हे कुठल्या फळाचं बी आहे असं विचारलं. म्हणून मी भेंडाचा प्रयोग केला. भेंड म्हणजे लग्नातल्या बाशिंगाचं पांढरं हलकं लाकूड. ते मऊ असतं, बुचासारखं दाबलं जातं, म्हटलं चालेल. गाडी शेडमधून निघाली, रस्त्यावरच्या वडापर्यंत अगदी छान गेली, आणि वडापाशी क्लचमधून पांढरा धूर आला. उघडून बघितलं तर आत पीठ.

म्हणजे खरं बूचच हवं होतं, आणि तेही बरंच. मी ओळखीच्या लोकांना विचारायला सुरुवात केली, "घरात बाटलीची बुचं आहेत का?" नुसता प्रश्न विचारला की माणसांचे चेहरे बदलायचे. दारूबंदीचे दिवस होते हे माझ्या लक्षातच आलं नाही. एका खोताने मला दारातच सांगितलं की त्याच्या घरात कधी बाटली आलेलीच नाही, आणि सांगताना तो दार लावून घेत होता. एक जण हळूच म्हणाला, "बुचं कशाला, भरलेली लागली तर सांग." दोन दिवसांत गावभर झालं, की मिस्त्रीने बाटल्या भरायचा धंदा काढलाय.

शेवटी दवाखान्यातल्या कंपाउंडर मामांनी मला वाचवलं. हा माणूस पातळ औषध बाटलीत भरून, बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून, वर बूच मारून द्यायचा. डोळ्यांच्या कामासाठी हवी आहेत म्हटल्यावर त्यांनी बुचांचा डबाच माझ्यापुढे ठेवला आणि रोज परत येणाऱ्या बाटल्यांची बुचंही काढून ठेवू लागले. मग रोग्यांना बाटलीच्या तोंडात केळीच्या पानाची गुंडाळी मिळायला लागली. "अंगठा लावून जा," मामा सांगायचे. त्या दिवसांत म्हसळ्याच्या रस्त्याने बाटलीवर अंगठा धरून, हात लांब करून चाललेली माणसं दिसली की मला मान खाली घालावी लागायची.

बूच भोकात बसवायचं तर आधी पाण्यात उकळावं लागतं. मऊ झालं की दाबून घालायचं, गार झाल्यावर ते फुगून घट्ट बसतं. मी शेडमध्ये चुलीवर मोठं पातेलं ठेवलं, त्यात सगळी बुचं टाकली, वर झाकण ठेवलं. वाफ पत्र्याच्या फटींतून बाहेर जात होती. अर्ध्या तासात हवालदार दारात.

"काय शिजतंय, मिस्त्री?"

"बुचं."

"आणि बाटल्या?"

"बाटल्या दवाखान्यात आहेत."

हे उत्तर मी विचार करून दिलेलं नव्हतं. हवालदाराने झाकण उचललं. आत तपकिरी पाणी आणि त्यावर तरंगणारी बुचं. त्याने वास घेतला. वासाला काही तरी होतं, ते मलाही मान्य करावं लागलं. मी क्लच दाखवला, तबकड्या दाखवल्या, आपाचा मोतीबिंदू सांगितला. तो ऐकत होता, पण त्याची नजर पातेल्यावर होती. मी म्हटलं, हवालदारसाहेब, चव बघू नका. त्यामुळे त्याची खात्रीच झाली. त्याने चमचा मागितला, फुंकर मारली आणि एक घोट घेतला. मग चमचा खाली ठेवला.

"कसलं आहे?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही. खोकल्याचं आहे, हिवतापाचं आहे. एरंडेलही असेल."

"एरंडेल किती असेल?"

"मामांना विचारावं लागेल."

तो सायकलवर बसून गेला. दुसऱ्या दिवशी चौकीवर दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दिसला तेव्हा माझ्याकडे बघून त्याने तोंड फिरवलं, पण बुचांच्या बाबतीत पुन्हा कधी चौकशी झाली नाही.

बुचं बसवली की ती दोन्ही बाजूंनी एका पातळीत घासावी लागतात. एखादं जरी वर राहिलं तरी ते आधी पकडतं आणि तिथेच दणका बसतो. घासायला सपाट दगड हवा. असा दगड घरात एकच होता, आणि तो पाटा माझ्या बायकोचा होता. ती माहेरी गेली होती. मी पाट्यावर काचकागद घालून तबकड्या घासल्या, पाटा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. ती आल्यावर पहिल्याच चटणीचा घास घेऊन तिने मला विचारलं, "घरात कुणाला खोकला झालाय का?"

दुसऱ्या परीक्षेत पातेल्यात अर्धं दूध राहिलं. मला वाटलं, हे चांगलं झालं. आपाला तसं वाटलं नाही.

"आर्दा डोळा घेऊन काय करू?" ती म्हणाली.

पुन्हा उघडलं. बुचं सगळी सारखी दिसत होती, पण सारखी नव्हती. काही नव्या बाटल्यांची, चिवट. काही दहा वेळा औषधात भिजून मऊ पडलेली. मी एकेक बूच अंगठ्याने दाबून वेगळं केलं आणि सारखी तेवढीच ठेवली. स्प्रिंगांचा दाब थोडा कमी केला. मग मला एक सुचलं. क्लचची तार खाली ज्या आखूड दांड्याला जोडलेली असते, त्याला मी लोखंडी पट्टी जोडून तो लांब केला. म्हणजे हँडलवर बोटं भरपूर हलली तरी आत तबकड्या केसभरच हलणार. सोडायला सवड मिळणार. याची किंमतही होती. दाब कमी केला की पकड कमी होते. चढावर, वजन असताना असा क्लच घसरू शकतो. मी ते तांडेलला सांगितलं. तो म्हणाला, चढाचं चढावर बघू.

पण गाडी अजून थोडी उडतच होती, आणि आता दोष गाडीत नव्हता. तो तांडेलच्या डाव्या हातात होता. तो दांडी ओढायचा नीट, पण सोडायचा एकदम, हातात विंचू आल्यासारखी. हळू सोडा म्हटलं की म्हणायचा, हळूच तं सोडली. सकाळभर मी त्याला शिकवत होतो आणि तो शेडसमोर उड्या मारत होता. शेवटी वैतागून मी विचारलं, "तांडेल, बोट धक्क्याला लावताना दोर कसा सोडायचा तुम्ही?"

तो हसला. आता मी त्याच्या धंद्यात आलो होतो. धक्क्यावर लोखंडी खुंट असतो, त्याने सांगितलं. दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला द्यायचे. बोटीचा जोर आला की दोर थोडा घसरू द्यायचा. घट्ट धरला तर तुटतो आणि माणसाचा पाय घेऊन जातो. सैल सोडला तर बोट जाते. घसरू द्यायचा, धरायचा, घसरू द्यायचा, धरायचा. बोलता बोलता त्याचे हात हवेत तो दोर सोडत होते.

"हेच तर मी सकाळपासून सांगतोय," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग क्लचच्या दांडीकडे. "मंग दोर हाय आसा सांग ना. तू तबकड्या तबकड्या करतोस."

तो गाडीवर बसला, दांडी ओढली, आणि दोर सोडावा तशी सोडली. गाडी हलली कधी ते मला चाकाखालची खडी वाजली तेव्हा कळलं.

तिसऱ्या परीक्षेला आपाने मुद्दाम तापवून आणलेलं दूध घेतलं. तांडेलने तिला बाजारपेठेतून फिरवून आणलं, तीनदा थांबवलं, तीनदा काढलं. शेडसमोर येऊन उभे राहिले तेव्हा आपाने पातेल्यात बोट घातलं नाही. दुधाच्या अगदी वर, हलकेच फिरवलं.

"साय धरली हाय," ती म्हणाली. "कुटं फाटली न्हाय." आणि मग तांडेलला, "डाक्टरला सांग, येतंय."

जाताना काही झालं नाही. ऑपरेशन एका डोळ्याचं झालं, दुसरा पुढच्या थंडीत करायचा ठरला. डॉक्टरांनी सोडलं त्या दिवशी मी मेकॅनिक म्हणून सोबत गेलो, तांडेलच्या मागे बसून. आपाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. डब्यात गादी, मानेभोवती उशा. डॉक्टर स्वतः फाटकापर्यंत आले, गाडी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"यातून नेणार?"

"डाक्टर," आपा पट्टीआडून म्हणाली, "तुमची खाट हिच्यापेक्षा हलते."

श्रीवर्धन सुटलं. सुपारीच्या वाड्या संपल्या, चढ लागला. वर एका वळणावर कोळशाची लॉरी रुतून बसली होती आणि तिच्यामागे बैलगाड्यांची रांग. एक गाडी सरकली की आम्ही सरकायचं, थांबायचं, परत सरकायचं. तीन माणसांचं वजन, चढ, आणि माझा दाब कमी केलेला क्लच. चार-पाच वेळा तांडेलने गाडी नीट काढली. मग इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. क्लचच्या डब्यातून वास आला, आधी बुचाचा, मग खोकल्याच्या औषधाचा.

गाडी मागे जाऊ लागली. मी उडी मारून चाकाखाली दगड घातला. तांडेलने ब्रेक दाबून धरला आणि सवयीने ओरडला, "लंगर टाक."

"टाकलाय," मी म्हटलं.

"का थांबलो?" आपाने विचारलं.

"नमाजाचा टाइम झाला, आपा," तांडेल म्हणाला.

"आता कुटली नमाज? माजं डोळं बांदलंत, डोस्कं न्हाय."

मी क्लचवर प्यायचं पाणी ओतलं. ते चर्र करून उडालं. आता माझ्यापुढे पेच होता. स्प्रिंगा आवळल्या तर क्लच चढ ओढेल, पण निघताना पहिल्यासारखा हिसका देईल, आणि तो हिसका थेट डोळ्याला. नाही आवळल्या तर गाडी इथेच, उन्हात. तांडेल माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा मी तसा पूर्वी बघितला नव्हता. त्या एका क्षणी मला वाटलं, दुधाच्या पातेल्यावर खेळ करणं वेगळं. इथे माझ्या हातून या बाईचा डोळा जाईल.

मी कडेला बसलो. घाम पुसला. पुढे गाडीवान लॉरी ढकलत होते. लॉरीचं चाक खड्ड्यातून वर आलं आणि ती आपली आपण पुढे निघाली. ते बघताना मला कळलं. हिसका बसतो तो फिरणाऱ्याला उभं जोडताना. चाक आधीच फिरत असेल तर जोडताना हिसका कसला?

मी स्प्रिंगा पूर्ण आवळल्या. मग गाडीवानांना हाका मारून बैलगाड्या कडेला घ्यायला लावल्या. सहा-सात जण आले, कोळशाने माखलेले. मी सांगितलं, ढकला, पण धक्का देऊ नका, हात लावून सरकवा, पाळणा सरकवतात तशी. त्यांनी आपाकडे बघितलं आणि डब्याला, चाकाला, हँडलला हात लावले. गाडी हळूहळू सरकायला लागली. चालायच्या वेगाने, मग थोडी जास्त. तांडेलने इंजिन त्या बेताला आणलं आणि दोर सोडला. ढकलणाऱ्यांचे हात रिकामे झाले तेव्हा त्यांना कळलं की गाडी गेली. मी पळत पळत मागच्या सीटवर बसलो. ती उडी मात्र आपाला कळली.

"कोन चढला?"

"मीच, आपा."

"हळू चढत जा. डब्यात बाई बसलीय आसा समजून."

आता एकच अडचण होती. आवळलेल्या क्लचवर गाडी थांबवली की परत उचलताना हिसका बसणार. म्हणजे घर येईपर्यंत थांबायचं नाही. चढ संपला, पलीकडे उतरलो, सपाटीला लागलो, म्हसळा दिसायला लागलं. तांडेल दुरूनच ओरडत होता, "बाजू, बाजू." कोळणींनी टोपल्या ओढल्या. कंपाउंडर मामा दवाखान्याच्या पायरीवर हात जोडून उभे राहिले. स्टँडापाशी हवालदार रस्त्याच्या मधोमध आला आणि त्याने हात वर केला. तांडेलने वेग कमी केला नाही. त्याच्या डाव्या बाजूने वळसा घेऊन जाताना मी मागून ओरडलो, "बुचं, साहेब, बुचं." त्याने हात खाली घेतला आणि बाजूला झाला.

घरापुढच्या अंगणात तांडेलने इंजिन बंद केलं आणि गाडी घरंगळत घरंगळत ओट्याला टेकली. आपाने मान हलवून बघितली नाही. हातांनी उशा चाचपल्या.

"घर आला?"

"आला."

"मंग मला उतरवा."

पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला. एका सकाळी तांडेलने मला बोलावून घेतलं. आपा ओट्यावर बसली होती, भिंगांमागे तिचा डोळा भला मोठा दिसत होता. ती एकेक गोष्ट बघत होती. कौलं बघितली. माडाकडे बघितलं. भावाकडे बराच वेळ बघितलं.

"इब्राहिम, तू म्हातारा झालास."

"व्हय, आपा."

"मला कुनी सांगितला न्हाय."

मग तिने माझ्याकडे बघितलं. "ह्यो मिस्त्री?" मी हात जोडले. "आवाजावनं जाडा वाटला हुता," ती म्हणाली. आणि मग तिची नजर अंगणातल्या गाडीवर गेली. तांडेल छाती काढून उभा राहिला. मीही थोडा पुढे झालो. क्लच कसा केला हे तिला सांगावं अशी माझी फार इच्छा होती. आपा उठली, गाडीजवळ गेली, वाकून डब्यात बघितलं. डब्याचा तळ गंजून गेला होता. गादी काढल्यामुळे खालची जमीन दिसत होती, तिच्यावर एक कोंबडी दाणे टिपत होती. डबा गाडीला दोन बोल्टांनी आणि बाकी सुंभाच्या दोरीने बांधलेला होता.

"ह्यात मी बसली?"

"व्हय," तांडेल म्हणाला.

"घाटावरनं?"

"व्हय."

ती आत गेली, चूल पेटवली आणि मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. माशाचा काटा न् काटा तिने स्वतः बघून काढला. किती वर्षांनी काढत असेल कोण जाणे. जेवताना मी तिला बुचांचं, स्प्रिंगांचं, लांब केलेल्या दांड्याचं सगळं सांगितलं. तिने मन लावून ऐकलं.

पुढच्या थंडीत डॉक्टर परत आले तेव्हा तांडेल आपाला दुसऱ्या डोळ्याचं विचारायला गेला. क्लच मी आदल्याच आठवड्यात पुन्हा मऊ करून ठेवला होता. आपा चष्मा पुसत होती. तो तिने नाकावर ठेवला, अंगणातल्या गाडीकडे एकदा बघितलं.

"नको," ती म्हणाली. "येका डोळ्यानं येवढा दिसला. दोनांनी बघवनार न्हाय."